बघणाऱ्याचा उजवा

१

टॅक्सीतून उतरता उतरता मोठीआईंच्या नजरेत आधी भरली ती पोर्चमधली रिकामी जागा. मग फाटकाचा खांब. खांबाचा एक कोपरा ढासळला होता आणि आतली लाल वीट उघडी पडली होती, गुडघा फुटल्यासारखी.

आठवडाभर बहिणीकडे राहून त्या परतत होत्या. आणायला अप्पा गाडी घेऊन येणार, असं ठरलं होतं. त्याऐवजी सकाळी सुनेचा फोन आला, "आई, आज टॅक्सीनं या." का, ते सांगितलं नाही. मोठीआईंना टॅक्सी म्हणजे भाड्याचं अंथरूण वाटे. 'माझा नवरा मला नेतो नि आणतो,' हे वाक्य त्यांनी सगळ्या गल्लीला ऐकवलेलं, ज्यांना ऐकायचं नव्हतं त्यांनाही.

पिशवी खाली न ठेवताच त्यांनी विचारलं, "गाडी कुठंय?"

"गॅरेजला," मुलगा म्हणाला. "अप्पांनी काल खांबाला ठोकली. कुणाला लागलं नाही, तू बस आधी."

"मी बसेन माझी. अहो, तुम्ही? आपल्याच खांबाला?"

अप्पा खिडकीकडे तोंड करून बसले होते. मान न वळवता म्हणाले, "आत घेत होतो. अंदाज चुकला. बॉनेट, रेडिएटर, उजवा दिवा, सगळं पुढचं गेलं. वय झालं आता तिचं. देऊन टाकू भंगारात."

"वय माझंही झालंय. मलाही द्या सोबत, वजनाला बरी भरेन."

कुणी हसलं नाही. सूनबाईनं पाण्याचा पेला पुढे केला आणि पापण्या खाली घातल्या.

मग मुलानं समजावलं. विमा कंपनीचा सर्वेअर गाडी पाहून गेला होता. नुकसान असं काठावरचं, की दुरुस्तही करता येईल आणि टोटल लॉसही धरता येईल. टोटल धरली तर कंपनी पैसे देणार नि सांगाडा उचलणार. "आम्ही तिघांनी विचार केला, टोटलच बरं. उद्या दुपारी तो घरी येतोय. फक्त तुझी सही हवी."

गाडी मोठीआईंच्या नावावर होती. अप्पांनी ती हौसेनं बायकोच्या नावानं घेतली होती. चौथीनंतर शाळेचं तोंड न पाहिलेल्या मोठीआईंना सही करता येई. पण सहीपूर्वी त्या घाम फोडत. स्वतःला नव्हे, समोरच्याला.

"बघते," त्या म्हणाल्या. "बहिणीकडे बघून आलेच की. तिचे यजमान डोळे गेल्यापासून घरातलं टेबल झालेत. हलत नाहीत, फक्त आडवे येतात. तरी तिनं काही त्यांना भंगारात दिलं नाही."

अप्पांनी पेपर उचलला आणि तोंडासमोर धरला.

मोठीआई आत गेल्या, पण डोक्यात किडा वळवळू लागला. खांबाचं एक असो. या घरात साध्या भाजीवर तिघांची चार मतं पडतात. आणि आज एकमत? मोठीआईंच्या अनुभवात या घराचं एकमत एकाच कारणानं होई, काहीतरी त्यांच्यापासून लपवायचं असलं की.

२

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या गॅरेजात हजर. "मेलेल्याचं तोंड पाहिल्याशिवाय मी रडत नाही," असं घरी सांगून निघाल्या होत्या.

गॅरेजवाल्याला सगळे उस्ताद म्हणत. त्यानं खुर्ची पुसून दिली. त्या बसल्या नाहीत. गाडी कोपऱ्यात उभी होती. नाक चेपलेलं, बॉनेटची घडी पडलेली, खाली काळ्या तेलाचं थारोळं. मोठीआईंनी टपावरून हात फिरवला. शेजारी बॉनेटच्या फटीतून डोकावत सर्वेअर फोटो काढत होता. तरुण, पण खांदे पडलेला माणूस.

"मावशी, नियम असा," तो म्हणाला, "दुरुस्तीचा खर्च विम्याच्या किमतीच्या पाऊणपटीवर गेला, की गाडी टोटल धरायची. तुमची बरोबर उंबरठ्यावर आहे. मालक म्हणेल तिकडे मी पाऊल टाकतो."

"म्हणजे श्वास चालू असताना मेली म्हणायचं?"

"तसंच काहीसं."

"आणि दुरुस्त केली तर चालेल?"

"चालेल की," उस्ताद मध्येच म्हणाला. "चासी, म्हणजे तिचा कणा, सरळ आहे. मन लावून केली तर अजून बरीच वर्षं पळेल."

मोठीआई पुढे गेल्या आणि थबकल्या. "कुठला दिवा फुटलाय हा?"

"डावा," सर्वेअर म्हणाला.

"घरी तर उजवा म्हणाले."

सर्वेअर हसला. "होतो घोळ. लोक गाडीसमोर उभं राहून बघतात, मग त्यांच्या उजव्या हाताला दिसतो तो त्यांचा उजवा."

"म्हणून आम्ही डावं-उजवं बोलतच नाही," उस्ताद म्हणाला. "ड्रायव्हर साइड नि क्लीनर साइड. भांडणच मिटलं. हा क्लीनर साइडचा."

मोठीआईंना काहीतरी टोचलं. बोटात कुसळ जावं, आणि दिसू नये, तसं. पण तोवर त्यांनी ड्रायव्हरचं दार उघडलं होतं. इतकी वर्षं गाडी त्यांच्या मालकीची, पण त्या बाजूला त्या कधी बसल्या नव्हत्या. आज काय वाटलं कोण जाणे. साडी सावरून त्या आत शिरल्या, चाकावर हात ठेवले आणि पाय लांब केले.

पाय थेट ब्रेकवर टेकले.

"उस्ताद," त्यांनी हाक मारली, "ही सीट तू पुढे ओढलीस?"

"छे! सर्वेअरचं पुरतं बघून होईपर्यंत आतल्या वस्तूला हात लावायचा नसतो. क्रेननं पुढची चाकं उचलून आणली. आत माणूस बसलंच नाही."

मोठीआई पाच फुटांना थोड्या कमी. अप्पा दाराच्या चौकटीला वाकून जाणारे. या सीटवर अप्पा बसले असते तर त्यांचे गुडघे हनुवटीला लागले असते.

३

सर्वेअर गेल्यावर मोठीआईंनी ती पुसलेली खुर्ची आता घेतली, आणि उस्तादकडे तोंड करून बसल्या. चोर शोधायचा तर आधी बाहेरचा शोधावा, घरचा नंतर. हे त्यांचं जुनं शास्त्र. घरच्याला शोधायची घाई कुणाला असते?

"खरं सांग. टोटल झाली तर सांगाडा कोण नेतं?"

"भंगारवाला."

"तुझा मेहुणा असेल."

"माझा मेहुणा शिंपी आहे, मोठीआई."

"मग चुलतभाऊ."

"तो शाळेत मास्तर. अहो, गाडी भंगारात गेली तर माझ्या हाती काय? धुपाटणं. दुरुस्तीला राहिली तर महिनाभराचं काम. मी कशाला मारू तिला?"

हे खरं होतं. खरं असलं की मोठीआईंना राग यायचा, कारण मग दुसरीकडे बघावं लागे.

"मग काल माझ्या मुलाला तूही टोटलच करा म्हणालास, ते का?"

उस्तादनं हातातलं फडकं या हातातून त्या हातात घेतलं. "नका विचारू."

"मी विचारलंय. आता तू 'नका' म्हणू नकोस."

"अप्पांनी सांगितलं म्हणून." तो खाली बघत बोलला. "त्या दिवशी रिक्षा करून आले होते. एकटेच. म्हणाले, 'उस्ताद, खर्चाचा आकडा जरा फुगव. काठाच्या पलीकडे ढकल तिला.' मी म्हटलं, अप्पा, हात जोडतो, माझ्या नावावर खोटा आकडा नको. तर डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. 'मग निदान तोंडानं तरी टोटल म्हण,' म्हणाले. एवढ्या मोठ्या माणसाला मी अजून किती नाही म्हणणार?"

मोठीआई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. दुकानदारानं चुकून जास्त दिलेले सुटे पैसे परत द्यायला उन्हातून माघारी जाणारा त्यांचा नवरा. आणि त्यानं गॅरेजवाल्यासमोर उभं राहून खोटा आकडा मागितला? तेही स्वतःच्याच लाडक्या गाडीचा जीव घ्यायला?

"रडले?" त्यांनी विचारलं.

"रडले."

४

घरी आल्या तेव्हा मुलगा जेवायला आला होता. ताटाशेजारी फोन, आणि फोनवर नव्या गाडीचा फोटो. लालभडक.

"बापाच्या गाडीचं तेल अजून वाळलं नाही, आणि तुझी नवरी ठरली पण?"

"आई, नुसतं बघतोय."

"चोराच्या मनात चांदणं. गाडी ठोकली त्या वेळी कुठं होतास?"

"ऑफिसात. हिचा फोन आला म्हणून धावत आलो."

"हिचा? अप्पांचा नाही?"

"हिचाच. रडत होती, धड बोलताही येत नव्हतं. आलो तर अप्पा पायरीवर बसलेले, ही त्यांना पाणी पाजतेय. अप्पा म्हणाले, 'माझ्या हातून झालं.' मी पुढे काही विचारलं नाही." त्यानं घास ठेवला. "आणि खरं सांगू? टोटलच होऊ दे. अप्पांनी आता चालवू नये. त्यांच्याशेजारी बसायची मला भीती वाटते."

"मग मला कोण नेणार? नवी गाडी काय आपली आपण चालते?"

"म्हणून तर म्हणत होतो ना, हिला शिकू दे! मागं पाहुण्यांसमोर विषय काढला, तर तू..." तो थांबला.

"मी काय?"

"जाऊ दे."

पण मोठीआईंना आठवलंच. घर भरलेलं होतं, आणि त्यांची जीभ रंगात आलेली. त्या म्हणाल्या होत्या, 'जिला दूध उतू जाताना गॅस बंद करायचं सुचत नाही, ती ब्रेक कधी मारणार?' सगळे पोट धरून हसले. सूनबाईही हसली होती. म्हणजे, तोंड तसं केलं होतं तिनं. नंतर तो विषय घरात पुन्हा निघाला नाही. मोठीआईंनी तेव्हा तो आपला विजय मानला होता.

त्या स्वयंपाकघरात गेल्या. सूनबाई ओट्याशी उभी होती. हीही त्यांच्याच उंचीची. वरच्या फळीवरचा डबा काढायला दोघींनाही स्टूल लागे. त्यावरून मुलगा चेष्टा करी, 'या घरात दोन माणसं आणि दोन अर्धी.'

मोठीआई ओट्याजवळ सरकल्या. पाण्यानं भरलेलं पातेलं उचललं आणि तिच्यापुढे धरलं. "घे गं."

सूनबाईनं डावा हात पुढे केला. उजवा नुसताच टेकवला. पातेलं कललं आणि पाणी दोघींच्या पायांवर सांडलं.

"हाताला काय झालं?"

"लचकलाय. बादली उचलताना."

"कधी?"

"परवा."

"परवा," मोठीआई म्हणाल्या. "गाडीही परवाच. एवढं सगळं परवाच व्हायचं होतं. आणि ज्यानं खांब फोडला त्याच्या अंगावर ओरखडा नाही."

सूनबाईनं पुसणं घेतलं आणि खाली बसून फरशी पुसू लागली. कोरडी झालेली फरशीही ती पुसतच राहिली.

५

सर्वेअर यायला थोडा अवकाश होता. अप्पा पोर्चमध्ये बसले होते, रिकाम्या जागेकडे तोंड करून. मोठीआईंनी चहाचा कप त्यांच्या हातात दिला आणि समोर बसल्या. आधी त्यांना वाटलं होतं, आवाज चढवू. पण उस्ताद म्हणाला ते 'रडले' कानात बसलं होतं.

"अहो, दिवा कुठला फुटला म्हणालात?"

"उजवा. किती वेळा सांगू?"

"बसणाऱ्याचा उजवा, की बघणाऱ्याचा?"

कप बशीवर वाजला.

"मी मागं एकदा म्हटलं होतं, गाडीला उजवीकडं ओरखडा आलाय," मोठीआई सावकाश म्हणाल्या. "तेव्हा तुम्ही मला शिकवलं होतं. 'गाडीचं डावं-उजवं बसणाऱ्याचं, बघणाऱ्याचं नव्हे.' जन्म गेला तुमचा चाकामागं. तुम्ही झोपेतसुद्धा ती चूक करायचा नाहीत. फुटलाय डावा. उजवा तो कुणाला दिसेल? जो फाटकाच्या आत उभा राहून समोरून येणाऱ्या गाडीकडे बघत होता, त्याला. तुम्ही गाडीत नव्हताच. सीट पुढे ओढलेली. त्या सीटवर या घरातल्या दोघीच मावतात, आणि त्यातली एक बहिणीकडे होती. जी उरली तिचा हात लचकलाय." त्यांनी दम घेतला. "खोटं बोलायचं तर पाठांतर करून बोलावं माणसानं. तुम्ही जे दिसलं तेच बोललात."

अप्पांनी उत्तर द्यायच्या आत दारातून आवाज आला.

"मी चालवत होते, आई." सूनबाई चौकट धरून उभी होती. "अप्पांना काही बोलू नका. मीच मागं लागले होते, शिकवा म्हणून. तुम्ही दुपारी आडव्या झालात की आम्ही मागच्या मैदानात जायचो. कच्चं लायसनही काढलंय. तुम्ही नसताना आम्ही पहिल्यांदा रस्त्यावरून फिरून आलो. छान चालवली मी. फाटक अरुंद म्हणून अप्पा उतरले, आत उभं राहून हात दाखवायला."

"नि मग?"

"मग खांबाला घासली. मी ब्रेक दाबायला पाय उचलला, आणि..." तिनं चौकट सोडली. "तुमचं ते वाक्य डोक्यात आलं. दूध उतू जाण्याचं. त्याच क्षणी. कसं काय, माहीत नाही. पाय भलतीकडेच पडला. गाडी थांबायच्याऐवजी पुढेच घुसली."

मोठीआईंच्या ओठांवर काहीतरी तयार होतं; त्यांच्या ओठांवर नेहमीच काहीतरी तयार असे. या खेपेला ते बाहेर पडेना. वाक्य त्यांचंच होतं. ते खांबापर्यंत जाऊन पोचेल असं बोलताना वाटलं नव्हतं.

पण डोकं थांबेना. कुसळ अजून आतच होतं.

"खांबाला घासली कशी?" त्यांनी विचारलं. "हे समोर उभे होते ना? थांब म्हणाले नाहीत?"

सूनबाईनं अप्पांकडे पाहिलं.

"तू दूर होतीस का खांबापासून? यांनी काय खूण केली?"

"माझीच चूक झाली, आई. सोडा ना ते."

"मी काय विचारतेय? हे काय म्हणाले तुला?"

"'येऊ दे' म्हणाले," अप्पाच बोलले. "मी म्हटलं, येऊ दे, बिनधास्त येऊ दे, भरपूर जागा आहे." ते हसल्यासारखे झाले. "मला खांब दिसलाच नाही गं."

त्यांनी कप बाजूला ठेवला.

"समोरचं दिसतं," ते पुढे म्हणाले. "नळीतून बघावं तसं. कडेचं गेलंय. आधी वाटलं चष्मा बदलावा. मग कळलं, चष्म्याचं काम नाही. म्हणून तर हिला शिकवायला घेतलं. मी थांबलो की तुला कोण नेणार? पण तू हिला बसू दिलं नसतंस, आणि मी थांबतो म्हटलं तर का ते विचारलं असतंस. गाडीच गेली तर दोन्ही प्रश्न मिटतात. मोडली ती मोडली. दुरुस्त होऊन आली असती तर मला पुन्हा चाकामागं बसावं लागलं असतं, तुला शेजारी घेऊन."

मोठीआईंना आता एकेक गोष्ट उलट्या बाजूनं दिसू लागली. वर्षभर चौकात थांबले की अप्पा विचारायचे, 'सुटला का गं सिग्नल? तूच सांग.' आणि त्या तोऱ्यात सांगायच्या, 'सुटला, चला.' शेजारणींना सांगितलंही होतं त्यांनी, यांचं माझ्यावाचून पान हलत नाही म्हणून. लाडानं विचारतात, असं वाटलं होतं. त्या माणसाला वरचा दिवा दिसत नव्हता.

"मला का नाही सांगितलं?"

अप्पांनी त्यांच्याकडे मान वळवली. पूर्ण वळवली, तेव्हा कुठे त्यांना बायको दिसली असावी.

"कुणाला सांगू? तुला?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यानंच जास्त लागलं. "तू आल्या आल्या काल म्हणालीस तेच मागच्या वर्षीही म्हणालीस, तुझ्या बहिणीच्या यजमानांना. त्यांच्या तोंडावर. टेबल. सगळे हसले, मीही हसलो. आणि मनात म्हटलं, आपण होऊ तेव्हा निदान कुणाला कळू नये."

फाटकाशी स्कूटर थांबल्याचा आवाज आला. सर्वेअर वेळेवर आला होता.

६

सर्वेअरनं कागद टेबलावर पसरले, पेन पुढे केलं. "मावशी, ठरलं? टोटल की दुरुस्ती?"

मुलगा बाजूला उभा होता; त्याला अजून काही कळलं नव्हतं. सूनबाईनं पदर मुठीत धरला होता. अप्पा खिडकीकडे तोंड करून. मोठीआईंना एक सही करायची होती. केली की पैसे येणार, गाडी जाणार, अप्पांचं म्हणणं खरं ठरणार आणि घरातलं झाकलेलं तसंच झाकलेलं राहणार. त्यांनी पेन उचललं, आणि परत ठेवलं.

"गाडी चालवणारं माणूस वेगळं होतं," त्या म्हणाल्या. "कच्चं लायसन, आणि शेजारी पक्कं लायसनवालं कुणी बसलेलं—"

"मावशी, थांबा." सर्वेअरनं हात वर केला. "हे मी ऐकलं तर मला लिहावं लागेल. या आजोबांनी आपणच चालवत होतो असं लिहून दिलंय, ते खोटं ठरेल. मग पैसे तर नाहीतच, वर चौकशी यांची."

"आणि तुम्ही ऐकलं नाही तर?"

त्यानं चौघांच्या तोंडांकडे आळीपाळीनं पाहिलं. रोज मोडलेल्या गाड्या बघणाऱ्या माणसाला मोडलेलं घरही ओळखता येत असावं. "मालकाला दावा मागं घेता येतो," तो म्हणाला. "का, ते मी विचारायला बांधील नाही."

मोठीआईंनी दावा मागं घेतल्याची सही केली. अक्षर वाकडं आलं, तरी त्यांनी ते पुन्हा गिरवलं नाही.

मुलगा चिडला. दोन दिवस बोलला नाही. मग सूनबाईनं त्याला खोलीत नेऊन काय सांगितलं कोण जाणे. बाहेर आला तो अप्पांजवळ जाऊन नुसता बसून राहिला.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे चौघंही गेले, टॅक्सीनं. तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाई मऊ आवाजात म्हणाल्या, "काचबिंदू आहे. ही नजर कडेकडेनं जाते. गेली ती येत नाही. आता उरली आहे ती थेंब घालून राखायची. वर्षभर आधी आला असतात तर..." पुढचं वाक्य त्यांनी गिळलं.

वाक्य गिळता येतं, हे मोठीआईंनी त्या दिवशी जवळून पाहिलं.

गाडी दुरुस्त करायची, असं त्यांनीच ठरवलं. घरच्या पैशानं. उस्ताद म्हणाला, "मोठीआई, विमा नाही तर भंगारातच बरी. एवढा खर्च कशापायी?" त्या म्हणाल्या, "तू तुझं काम कर." कशापायी ते त्यांना पक्कं माहीत होतं. क्षमा मागायची सवय नव्हती, आणि या वयात नवीन भाषा शिकणं अवघड. चार चाकांवरून जे म्हणता येईल ते म्हणावं, असं त्यांच्या मनात होतं.

गाडी घरी आली त्या दुपारी त्यांनी किल्ली ओट्यावर, सूनबाईच्या हाताजवळ ठेवली.

"सीट तुझ्या मापाची ठेवायला सांगितलीय. मी शेजारी बसेन. तोंड बंद ठेवून बसेन, हवं तर पट्टी लाव."

सूनबाई हसली. या खेपेला खरंच हसली, आणि म्हणून पुढचं ऐकणं जड गेलं.

"नको, आई. तुमच्यावर राग नाही, शपथ. पण मी चाकामागं बसले की आता खांबच दिसतो. अप्पा समोर उभे होते. गाडी थोडी पलीकडं असती तर..." तिनं किल्ली उचलून त्यांच्या तळहातावर ठेवली आणि बोटं मिटून दिली, लहान मुलाची मिटावी तशी. "माझं मन उडालं. जमायला लागलं होतं हो. खरंच जमायला लागलं होतं."

मुलगा गाडी चालवू लागला, सुटीच्या दिवशी, घाईनं, हॉर्न वाजवत. मोठीआई मागे बसत. सिग्नलला कुणी काही विचारत नसे.

एका सकाळी त्यांना लवकर जाग आली. पोर्चमध्ये खसाखसा घासल्याचा आवाज येत होता. पडदा सारून पाहिलं तर अप्पा ओलं फडकं घेऊन गाडी पुसत होते. टप पुसला, काच पुसली, बॉनेटचा नवा पत्रा पुन्हा पुन्हा पुसला. जिथे नजर पोचत होती ते सगळं लखलखीत. पण दारांच्या कडेला, चाकांच्या वर, खालच्या पट्टीला धूळ तशीच राहिली. त्यांनी फडकं पिळलं, दोन पावलं मागे सरून गाडीकडे समाधानानं पाहिलं आणि आत आले.

मोठीआईंच्या घशाशी नेहमीचं काहीतरी आलं. त्यांनी ते खाली जाऊ दिलं. अप्पा आंघोळीला गेल्याचा आवाज आला तेव्हा त्यांनी मोरीतून एक फडकं घेतलं, ओलं केलं आणि पदर खोचून दाराकडे निघाल्या. कुणाला कळायच्या आत उरलेलं पुसून टाकायचं.

दारातच त्या थांबल्या. सूनबाई आधीच खाली बसली होती. डाव्या हातानं चाकाची कमान पुसत होती, मग दाराची कड, मग खालची पट्टी. न बघता, सराईतपणे, रोजचं काम करावं तसं. कुठून कुठवर अप्पांची नजर जाते आणि कुठे संपते, ते तिच्या हाताला पाठ होतं.

शेवटचा ठिपका पुसून ती उठली, वळली, आणि सासूच्या हातातलं फडकं तिला दिसलं. सूनबाई बाजूनं आत निघून गेली.

मोठीआई गाडीभोवती एक फेरी मारून आल्या. पुसायला कुठेच काही उरलं नव्हतं.